घरच्या घरी ब्रेक कॅलिपर रंगविताना घ्यावयाची आरोग्यविषयक दक्षता

कुटुंबांसाठी व दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपत्रिका

प्रस्तावना

अलॉय व्हीलच्या मोकळ्या आऱ्यांमधून मोटारीच्या ब्रेकचा कॅलिपर सहज दिसतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने आणि पावसाळ्यातील चिखलपाण्याने तो काही वर्षांतच गंजतो. सुटीच्या दिवशी चाक काढावे, गंज खरवडावा आणि लाल किंवा पिवळ्या रंगाचा हात फिरवावा, असे अनेकांना वाटते. त्यासाठी लागणारे साहित्य आज कोणत्याही शहरात सहज मिळते. काम दिसते सोपे, आणि ते नीट केले तर अवघडही नाही.

परंतु या कामात शरीरास होणारी बरीचशी इजा काम चालू असताना जाणवत नाही. धूळ खोकला न आणता फुप्फुसात उतरते. बाष्पामुळे आलेली गुंगी थकव्यासारखी वाटते. काही विषारी वायूंचा परिणाम रात्री किंवा दुसऱ्या दिवशी प्रकट होतो, तर काही तंतूंचा परिणाम काही दशकांनी. शिवाय ही इजा काम करणाऱ्यापुरती मर्यादित राहत नाही. त्याचे कपडे धुणारी व्यक्ती, त्याच वाहनतळात खेळणारी मुले आणि वरच्या मजल्यावर दम्याने त्रस्त असलेले शेजारी या सर्वांपर्यंत ती पोहोचू शकते. म्हणून या कामातील घातक गोष्टी कोणत्या, त्या शरीरावर कसा परिणाम करतात आणि त्या कशा टाळाव्यात, हे या पत्रिकेत क्रमाने सांगितले आहे.

१. कॅलिपर म्हणजे काय, आणि त्यावर काय साचते?

आपण ब्रेकचे पेडल दाबता तेव्हा तो दाब ब्रेक ऑइलमार्फत चाकापाशी पोहोचतो. कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि दोन्ही बाजूंचे ब्रेक पॅड फिरत्या डिस्कला चिमट्यासारखे पकडतात. धावत्या गाडीची गती अशा रीतीने घर्षणाने उष्णतेत बदलते. प्रत्येक वेळी पॅड व डिस्क थोडेथोडे झिजतात. चाकाच्या आतील बाजूस व कॅलिपरवर जी काळी, बारीक पूड दिसते ती हीच झीज होय. तिच्यात लोखंड, तांबे व इतर धातूंचे कण, कार्बन आणि पॅडमधील तंतू असतात. यांतील पुष्कळ कण इतके सूक्ष्म असतात की ते नाकात वा घशात न अडकता थेट फुप्फुसाच्या खोल भागात जातात.

आपल्या देशातील अनेक लहान मोटारींना मागील चाकांवर डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतात. ड्रमला कॅलिपर नसतो. ड्रम बंदिस्त असल्यामुळे त्याच्या आत वर्षानुवर्षांची धूळ कोंडलेली असते. रंगकामाच्या निमित्ताने ड्रम घरी उघडू नये.

२. पहिला धोका : ब्रेकची धूळ

काही ब्रेक पॅड व ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज वापरले जात असे, आणि आजही ते पूर्णपणे हद्दपार झालेले नाही. भारतात त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही. जुन्या गाडीत किंवा स्वस्तात घेतलेल्या सुट्या भागांत ते असू शकते. पॅड हातात घेऊन किंवा धूळ पाहून ते ओळखता येत नाही. म्हणून पॅडविषयी खात्रीशीर माहिती नसेल तर प्रत्येक ब्रेकची धूळ ॲस्बेस्टॉसयुक्त आहे असे समजूनच वागावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार मानवात कर्करोग निर्माण करतात. फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा व अंडाशयाचा कर्करोग, तसेच फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग त्यामुळे होतो. फुप्फुस ताठर होऊन दम लागणे, म्हणजे ॲस्बेस्टॉसिस, हा आजारही त्यामुळेच जडतो. धूळ शरीरात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत बहुधा २० ते ४० वर्षे लोटतात. धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीस फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी अधिक असतो, कारण तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस एकमेकांचा परिणाम वाढवितात.

येथे घाबरून जाण्याचे कारण नाही. एक दिवस धूळ उडाली म्हणून रोग होईलच असे नाही. धोका श्वासावाटे गेलेल्या एकूण मात्रेबरोबर वाढतो, त्यामुळे तो रोज ब्रेकचे काम करणाऱ्या कारागिरास सर्वाधिक असतो. तथापि ज्याखाली धोका मुळीच नाही अशी सुरक्षित मात्रा ज्ञात नाही. जी धूळ टाळता येते ती टाळणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

धूळ कशी काढू नये : हवेच्या झोताने उडवू नये. तोंडाने फुंकू नये. कोरड्या ब्रशने किंवा फडक्याने झटकू नये. घरातील व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण त्याच्या पिशवीतून सूक्ष्म कण पुन्हा खोलीत येतात. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नये, कारण त्यामुळे धूळ तुषारांबरोबर दूरवर पसरते. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून गंज काढू नये. त्याने धूळ तर उडतेच, शिवाय तुटलेल्या तारा डोळ्यांत घुसण्याचा धोका असतो.

धूळ कशी काढावी : बादलीत पाणी व थोडी धुण्याची पूड मिसळावी. फडके ओले करून भाग आधी पूर्ण भिजवावा आणि मग पुसावा. फडके पुन्हा पुन्हा झटकू नये, ते बदलावे. ओली फडकी ओली असतानाच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे. गंज व जुना रंग काढण्यासाठी पाण्यात चालणारा पॉलिश पेपर वापरावा आणि घासताना पृष्ठभाग सतत ओला ठेवावा.

३. दुसरा धोका : सफाईची द्रव्ये व थिनर

ब्रेक क्लीनरचे फवारे दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात क्लोरीनयुक्त द्रावक असते. डब्यावर टेट्राक्लोरोएथिलीन, पर्क्लोरोएथिलीन, डायक्लोरोमिथेन किंवा मिथिलीन क्लोराइड यांपैकी एखादे नाव आढळते. दुसऱ्या प्रकारात ॲसिटोन, टोल्युइन, हेप्टेन, मिथेनॉल यांसारखी ज्वालाग्राही द्रव्ये असतात. पहिला प्रकार सहज पेट घेत नाही म्हणून तो निर्धोक आहे, असा समज करून घेऊ नये.

क्लोरीनयुक्त द्रावकाचे बाष्प तापलेल्या धातूवर, ज्योतीत किंवा वेल्डिंगच्या ठिणगीत सापडले की त्यापासून फॉस्जीन व हायड्रोजन क्लोराइड हे घातक वायू बनू शकतात. फॉस्जीन विशेष फसवा आहे. सुरुवातीस थोडी जळजळ होते किंवा तीही होत नाही. व्यक्ती घरी जाते, जेवते, झोपते. त्यानंतर काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनी, फुप्फुसात पाणी भरून श्वास कोंडू लागतो. म्हणून गरम ब्रेकवर क्लीनर मारू नये. क्लीनर मारलेला भाग हॉट एअर गनने, गॅसच्या ज्योतीने किंवा हीटरने वाळवू नये. त्याच्या आसपास वेल्डिंग करू नये.

डायक्लोरोमिथेन हे द्रव्य काही पेंट रिमूव्हरमध्येही असते. ते शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. हृदयरोग असलेल्या व्यक्तींनी त्यापासून दूर राहावे. बंद जागेत त्याचे बाष्प बेशुद्धी व मृत्यूस कारण होऊ शकते. घरगुती कामासाठी असे रिमूव्हर न वापरणे उत्तम.

थिनरमधील टोल्युइन व झायलीन यांच्या बाष्पामुळे डोके दुखते, चक्कर येते, मळमळते आणि बोलणे अडखळते. ही मेंदूवर झालेल्या परिणामाची खूण आहे. तिला ‘वासाची सवय नाही’ म्हणून सोडून देऊ नये. काही वेळाने वास जाणवेनासा होतो, तेव्हा बाष्प गेलेले नसते, नाक थकलेले असते. मिथेनॉल पोटात गेल्यास, किंवा मोठ्या प्रमाणात त्वचेतून अथवा श्वासातून शरीरात शिरल्यास, दृष्टी जाऊ शकते आणि ही लक्षणे बहुधा काही तासांनी सुरू होतात.

ही बहुतेक बाष्पे हवेपेक्षा जड असतात. ती जमिनीलगत पसरतात, खड्ड्यात साचतात आणि उतारावरून वाहतात. त्यामुळे गाडीखाली उताणे पडून काम करणाऱ्याच्या नाकाशी त्यांचे प्रमाण अधिक असते. जमिनीवर रांगणारे बालकही त्याच थरात श्वास घेत असते. दूर ठेवलेली शेगडी, देवापुढील निरांजन, उदबत्ती, इन्व्हर्टरची बॅटरी किंवा विजेचे बटण यांच्या ठिणगीने ही बाष्पे पेट घेऊ शकतात.

४. तिसरा धोका : रंगाचे तुषार

फवाऱ्याने रंग मारताना त्याचा मोठा भाग कॅलिपरवर न बसता सूक्ष्म थेंबांच्या रूपाने हवेत राहतो. त्या थेंबांत रंगद्रव्य, राळ व द्रावक ही तिन्ही असतात. रंगाऱ्याच्या व्यवसायात होणारा संपर्क कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नमूद केले आहे. हा निष्कर्ष वर्षानुवर्षे रंगकाम करणाऱ्यांविषयीचा आहे. तरीही जे तुषार व्यावसायिकास अपायकारक आहेत ते हौशी माणसासही हितकारक असणार नाहीत, हे उघड आहे.

दोन भागांचे रंग : काही कॅलिपर रंगांबरोबर हार्डनरची वेगळी बाटली येते. बाजारात अशा रंगांना ‘टू-के’ म्हणतात. त्या हार्डनरमध्ये पुष्कळदा आयसोसायनेट असते. आयसोसायनेटमुळे दमा जडतो, आणि एकदा शरीर त्यास संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्रेनेही तीव्र झटका येऊ शकतो. झटका कामाच्या वेळी न येता रात्रीही येऊ शकतो, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. असा रंग फवारताना बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो आणि तो घरी नसतो. म्हणून आयसोसायनेट असलेला रंग घरी फवारू नये. ते काम योग्य सोय असलेल्या कार्यशाळेकडे द्यावे.

शिसे : लाल, नारिंगी व पिवळ्या छटांच्या काही औद्योगिक रंगांत शिशाचे क्रोमेट वापरले जाते. आपल्या देशात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले. मात्र ते नियम घरगुती व शोभेच्या रंगांसाठी आहेत. वाहनांच्या जुन्या रंगाच्या थराविषयी ते काही हमी देत नाहीत. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते आणि मुलांसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. म्हणून रंग घेताना डब्यावर ‘शिसेविरहित’ असा उल्लेख पाहावा आणि जुना रंग कधीही कोरडा घासू नये.

कोणता मार्ग बरा? घरी काम करावयाचेच असेल तर ब्रशने लावता येणारा, हार्डनर न लागणारा, ब्रेकसाठी बनविलेला उष्णतारोधक रंग निवडावा. ब्रशमुळे तुषार उडत नाहीत. एवढ्या एका निवडीने श्वासाचा धोका पुष्कळ कमी होतो. फवारा अपरिहार्य असेल तर वाऱ्याकडे पाठ करावी आणि थोड्या थोड्या वेळाने थांबून दूर जावे.

५. कोणी हे काम करू नये, व कोणी जवळ थांबू नये

गर्भवती स्त्रिया, स्तनपान देणाऱ्या माता, दमा किंवा दीर्घकालीन श्वसनविकार असलेल्या व्यक्ती, हृदयरोगी, यकृताचे अथवा मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण आणि १८ वर्षांखालील मुले यांनी हे काम करू नये. काम चालू असताना आणि रंग वाळेपर्यंत त्यांनी त्या जागी थांबूही नये. पाळीव प्राण्यांनाही दूर ठेवावे. सांडलेले ब्रेक ऑइल जनावरांनी चाटल्यास त्यांस विषबाधा होऊ शकते.

६. जागा व साधने

काम उघड्यावर, सपाट व टणक जमिनीवर करावे. इमारतीखालील वाहनतळ तीन बाजूंनी बंद असेल तर ती जागा ‘उघडी’ नव्हे. पावसाळ्यात दमट हवेने रंग लवकर वाळत नाही आणि दार लावून काम करण्याचा मोह होतो, म्हणून हे काम कोरड्या ऋतूवर ढकलावे. रंग वाळविण्यासाठी किंवा अन्य कारणासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राणघातक आहे.

मुखवटा : रुमाल, ओढणी व शस्त्रक्रियेचा मास्क या कामी निरुपयोगी आहेत. धुळीसाठी एन-९५ किंवा त्या तोडीचा, चेहऱ्यास घट्ट बसणारा मास्क लागतो. मात्र तो बाष्प अडवीत नाही. द्रावक व रंग यांसाठी सेंद्रिय बाष्प शोषणारे कार्ट्रिज आणि कण अडविणारी गाळणी असलेला रबरी मुखवटा घ्यावा. कार्ट्रिजची मुदत पाहावी. दाढीमुळे मुखवट्याच्या कडेला फट राहते आणि संरक्षण नाहीसे होते.

डोळे व हात : बाजूंनी बंद असलेला गॉगल वापरावा. साधा चष्मा पुरेसा नाही. नायट्रिलचे हातमोजे घालावेत, परंतु द्रावके पातळ हातमोज्यांतून काही मिनिटांत आत शिरू शकतात. भिजलेला हातमोजा लगेच बदलावा. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, पँट आणि बंद बूट घालावेत.

गाडी उचलताना : ज्या चाकाचे काम करावयाचे नाही त्यांना दोन्ही बाजूंनी पाचर लावावी. गाडीसोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो. गाडी उचलल्यावर तिचा भार योग्य क्षमतेच्या जॅक-स्टँडवर टेकवावा. विटा, दगड वा लाकडाचे ओंडके यांवर गाडी तोलू नये. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. हे काम एकट्याने करू नये. हाकेच्या अंतरावर एक प्रौढ व्यक्ती असावी.

७. कामाचा क्रम

अ) गाडी चालवून आल्यावर ब्रेक पूर्ण थंड होऊ द्यावेत. डिस्क तापलेली आहे हे तिच्या रंगावरून समजत नाही, आणि तिच्या स्पर्शाने हात भाजतो.

आ) चाक काढल्यावर वर सांगितल्याप्रमाणे ओल्या पद्धतीने धूळ पुसावी. क्लीनरची गरज उरली तरच तो थोड्या प्रमाणात, फडक्यावर घेऊन वापरावा आणि पूर्ण उडून जाऊ द्यावा.

इ) ब्रेक ऑइलची नळी घरी खोलू नये. कॅलिपर जागेवर ठेवूनच रंगवावा. तो सोडविणे भाग पडल्यास नळीवर लोंबू न देता तारेने वर बांधून ठेवावा.

ई) पिस्टन, त्यावरील रबरी आवरण, सरकत्या पिना, ब्लीडर निपल, पॅड जेथे टेकतात त्या जागा, पॅड आणि डिस्क यांवर रंग लागू नये. या जागा मास्किंग टेपने व कागदाने झाकाव्यात. पिनेवर रंग बसला तर कॅलिपर अडकतो. पॅडवर किंवा डिस्कवर रंग बसला तर ब्रेकची पकड कमी होते. शोभेसाठी केलेले काम जिवावर बेतू नये.

उ) पातळ थर द्यावेत आणि दोन थरांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्यावा. जाड थर नीट वाळत नाही आणि पुढे कित्येक दिवस बाष्प सोडत राहतो.

ऊ) काम चालू असताना खाऊ-पिऊ नये, तंबाखू खाऊ नये, विडी-सिगारेट ओढू नये. हातावरील शिसे व द्रावक अन्नावाटे पोटात जातात, आणि ज्वालाग्राही बाष्पात एक काडीही पुरेशी असते.

ए) चाक बसविल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने, वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराइतके आवळावेत. गाडी हलविण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे. प्रथम मोकळ्या जागी अगदी सावकाश चालवून पाहावे. पेडल खोल जात असेल, गाडी एका बाजूस ओढली जात असेल किंवा ब्रेकचा लाल दिवा पेटत असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नये. कुशल कारागिरास बोलवावे.

ऐ) पहिल्या काही फेऱ्यांत नवा रंग तापून वास किंवा थोडा धूर येऊ शकतो. अशा वेळी गाडी बंद जागेत उभी करू नये.

८. काम संपल्यावर

कामाचे कपडे अंगणात झटकू नयेत. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचे कपडे धुणाऱ्या कुटुंबीयांना, स्वतः कधी कारखान्यात पाऊल न ठेवताही, मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. म्हणून कपडे अंगावरून उतरविताच ओले करावेत आणि इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. हात, तोंड व केस साबणाने धुवावेत. आंघोळ करूनच लहान मुलांना उचलून घ्यावे. हातावरील रंग थिनरने किंवा पेट्रोलने काढू नये. खाद्यतेल चोळावे आणि नंतर साबणाने धुवावे.

उरलेले थिनर, ब्रेक ऑइल व क्लीनर पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. पाणी समजून मुलांनी, प्रसंगी मोठ्यांनीही, असे द्रव पिण्याचा धोका असतो. ते मूळ डब्यात, झाकण घट्ट लावून, कुलुपात ठेवावे. फवाऱ्याचे डबे उन्हात किंवा तापलेल्या मोटारीत ठेवू नयेत, भोसकू नयेत व जाळू नयेत, कारण ते फुटतात. उरलेले द्रव गटारात, विहिरीजवळ किंवा मातीत ओतू नये. रंगाचे डबे व फडकी घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी ठेवून आपल्या स्थानिक संस्थेच्या संकलन व्यवस्थेकडे द्यावीत.

९. प्रथमोपचार

डोळ्यांत गेल्यास : पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवावे. डोळा चोळू नये. तूप, मध किंवा गुलाबपाणी घालू नये. त्यानंतर नेत्रतज्ज्ञांस दाखवावे.

त्वचेवर सांडल्यास : भिजलेले कपडे काढावेत आणि साबण व भरपूर पाण्याने धुवावे.

भाजल्यास : २० मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, हळद, तूप किंवा बर्फ लावू नये.

श्वासावाटे गेल्यास : व्यक्तीस मोकळ्या हवेत आणावे आणि अंगावरील कपडे सैल करावेत. बंद खोलीत कोणी बेशुद्ध पडले असल्यास श्वास रोखून धावत आत जाऊ नये. वाचविणाराही तेथेच कोसळू शकतो. प्रथम मदत बोलवावी, दारे-खिडक्या बाहेरून उघडाव्यात. विजेचे बटण दाबू नये.

पोटात गेल्यास : उलटी करवू नये. उलटीबरोबर द्रव फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. मिठाचे पाणी, दूध किंवा ताक पाजू नये. डबा किंवा बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालयात जावे. व्यक्ती शुद्धीवर व बरी दिसत असली तरी थांबू नये. ब्रेक ऑइल व मिथेनॉल यांची बाधा प्रथम केवळ गुंगीसारखी दिसते, आणि मूत्रपिंड किंवा दृष्टी यांवरील परिणाम नंतर प्रकट होतो.

आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक फिरवावा. विषबाधेविषयी सल्ला नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राकडून १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर मिळतो.

१०. डॉक्टरांकडे केव्हा जावे?

काम करताना किंवा त्यानंतरच्या दोन दिवसांत छाती आवळल्यासारखी वाटणे, धाप लागणे, घरघर, फेसाळ कफ, सतत खोकला, अस्पष्ट दिसणे, गोंधळल्यासारखे वाटणे, न थांबणारी डोकेदुखी वा उलट्या यांपैकी काहीही झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. तेथे ‘ब्रेक क्लीनर वापरला होता’, ‘हार्डनरचा रंग मारला होता’ असे आपण होऊन सांगावे. डॉक्टरांना हे कळले नाही तर साधा सर्दी-खोकला समजून वेळ जाऊ शकतो.

आपण किंवा आपल्या घरातील कोणी गॅरेजात अथवा रंगकामाच्या व्यवसायात वर्षानुवर्षे असेल, तर कोणत्याही तपासणीच्या वेळी ही बाब डॉक्टरांना सांगावी. बरे न होणारा कोरडा खोकला, चालताना वाढत जाणारी धाप, छातीत एका बाजूस दुखणे, विनाकारण वजन घटणे, तसेच सुटीच्या दिवशी कमी होणारा व कामाच्या दिवशी वाढणारा दमा यांची तपासणी करून घ्यावी. ती व्यक्ती धूम्रपान करीत असल्यास ते सोडणे हा तिच्या हातातील सर्वांत मोठा उपाय आहे.

११. उजळणी

प्रश्न : धूळ दिसत नाही, तर ती नाही असे मानावे का?
उत्तर : नाही. सर्वांत अपायकारक कण डोळ्यांना दिसत नाहीत. आधी ओले करावे, मगच पुसावे.

प्रश्न : एन-९५ मास्क घालून रंग फवारता येईल का?
उत्तर : नाही. तो कण अडवितो, बाष्प अडवीत नाही.

प्रश्न : क्लीनर मारलेला भाग लवकर वाळावा म्हणून गरम करावा का?
उत्तर : कधीही नाही. त्यातून घातक वायू निर्माण होऊ शकतात किंवा आग लागू शकते.

प्रश्न : वास येईनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली का?
उत्तर : नाही. नाकास सवय होते. डोके जड वाटू लागताच मोकळ्या हवेत जावे.

प्रश्न : वरीलपैकी एखादी सोय आपल्याकडे नसेल तर?
उत्तर : काम घरी करू नये. योग्य सोय असलेल्या कार्यशाळेस द्यावे. गंजाचा वरवरचा थर दिसण्यास वाईट असला तरी तेवढ्याने कॅलिपरचे काम बहुधा थांबत नाही. रंगाची घाई करण्याचे कारण नाही.

गाडीचा ब्रेक आपल्या कुटुंबाच्या रक्षणासाठी आहे. त्याची निगा राखताना त्याच कुटुंबाच्या श्वासाला बाधा येऊ देऊ नये. ही पत्रिका वाचून झाल्यावर वाहनाचे काम करणाऱ्या आपल्या शेजाऱ्यास किंवा नातेवाइकास द्यावी.